सांगितल्याबद्दल थँक्यू

स्टार मी दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच ‘अगं पण तू होतीस ना तिथे, मग तू काय केलंस?’ असं कोणी विचारायला नको. मी स्टार दिला. पिवळा, चमकीचा, एका पट्टीवर वीस येतात त्यातला, उचकटताना ज्याचं एखादं टोक कायम मागेच राहतं तो. मंगळवार, मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास, तिसरी ब. आता तुम्हाला सगळ्यांना वाटतं की मी शाळेत जाऊन मुलांना गोष्टी सांगते आणि टाळ्या वाजवायला लावते. दादा तर घरी कोणी आलं की म्हणतो, ही मुलांना हसायचं कसं ते शिकवते, आणि त्यावर सगळे हसतात, न शिकता. पण ते तसं नाहीये. पहिली ते चौथी, आठ वर्ग, प्रत्येकाला आठवड्यातून एकदा मैत्रीचा तास, आणि तो घेणारी मी, म्हणून मुलं मला मैत्रीताई म्हणतात. माझं खरं नाव शाळेत फक्त मस्टरवर आहे. माझ्याकडे एक कापडी पिशवी असते, तिच्यात आठ चेहऱ्यांचा तक्ता, प्रत्येक मुलाच्या नावाचा एकेक चिमटा, आपले कपडे वाळत घालायचे असतात तेच, एक लोकरीचा गुंडा, पाण्यात चमकी घातलेली एक बाटली, जी हलवून ठेवली की चमकी तळाला बसेपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं असतं, आणि स्टारच्या पट्ट्या. तास सुरू झाला की प्रत्येकाने आपला चिमटा आज जो चेहरा असेल त्याला लावायचा. हसरा, रडका, चिडका, घाबरलेला वगैरे, आणि एक चेहरा आहे ज्याचं तोंड म्हणजे नुसती आडवी रेघ, त्याच्याखाली ‘ठीक’ लिहिलंय. मुलांनी हट्ट केला म्हणून माझाही एक चिमटा आहे. तो पाच महिने ‘ठीक’वर आहे. एकदा एका मुलीने विचारलंही, ‘ताई, तुमचा चिमटा मोडलाय का? हलतच नाही.’ मी म्हटलं, ‘नाही गं, गच्च बसलाय.’ तीच ही मुलगी. म्हणजे जिचं मी सांगणार आहे ती. मी तिला मनातल्या मनात मुंगी म्हणते, कारण ती आपल्यापेक्षा मोठं दप्तर घेऊन कायम कोणाच्या तरी मागे रांगेत असल्यासारखी चालते, पुढे रांग नसली तरी.

तर मी-वाक्यं. मी-वाक्य म्हणजे भांडायचं नाही, सांगायचं. ‘तू घाणेरडा आहेस’ हे तू-वाक्य, ते चालत नाही. फळ्यावर मी तीन खाने काढते. ‘मला असं वाटतं’ हा पहिला, ‘जेव्हा असं होतं’ हा दुसरा, ‘म्हणून मला हवंय’ हा तिसरा. आवाज हळू, हात मांडीवर, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत. तिन्ही खाने भरले की स्टार. सुरुवातीला मुलं काय वाट्टेल ते भरायची. ‘मला राग येतो, जेव्हा हा माझं खोडरबर चावतो, म्हणून मला हवंय नवीन खोडरबर.’ ‘मला भूक वाटते, जेव्हा भूक लागते.’ पण हळूहळू जमायला लागलं. वर्गबाई म्हणायच्या, अहो आश्चर्य आहे, तक्रारी कमी झाल्या. आणि त्या मंगळवारी आम्ही गोल करून बसलो होतो, गुंडा ज्याच्याकडे जाईल त्याने वाक्य म्हणायचं, आणि गुंडा गेला कॅप्टनकडे. कॅप्टन म्हणजे एक मुलगी, ती कशाचीच कॅप्टन नाहीये, पण सगळे म्हणतात, तीही ऐकून घेते. चौघी-पाच जणी तिच्याबरोबर डबा खातात आणि मुंगी त्यांच्या कडेला. कॅप्टनने गुंडा मांडीवर ठेवला, हात ठेवले, मुंगीकडे वळली, बरोबर डोळ्यांत बघितलं आणि इतक्या हळू, इतक्या सुंदर आवाजात म्हणाली, ‘मला गुदमरल्यासारखं वाटतं, जेव्हा तू सारखी आमच्या मागे मागे येतेस, म्हणून मला हवंय की तू डबा खायला दुसरीकडे बसावंस.’ आणि माझ्या हाताने स्टार उचकटला. खरं सांगते, हातानेच. मी अजून वाक्य ऐकत होते, मनात एकेक खाना भरला की नाही ते बघत होते, वाटतं, जेव्हा, म्हणून, आणि हात तिच्या मनगटावर स्टार चिकटवूनही मोकळा. ‘शाब्बास,’ मी म्हटलं, ‘तिन्ही खाने. आणि मोठा शब्द वापरला, बघा, गुदमरणं.’ मग ठरल्याप्रमाणे गोलाकडे बघून विचारलं, ‘आणि ऐकणाऱ्याने काय म्हणायचं?’ तीस पोरं एका सुरात, पाढे म्हणतात तशी, ‘सां-गि-त-ल्या-बद्दल थँक्यू!’ आणि मुंगी उठली. उठायचं नसतं, ती उठली. कॅप्टनला म्हणाली, ‘सांगितल्याबद्दल थँक्यू.’ मग माझ्याकडे बघितलं. तिलाही स्टार मिळेल असं वाटलं असेल. किंवा नसेल. मी गुंडा पुढे पाठवला.

आता तुम्ही म्हणाल, तुझ्या काळजात चर्र नाही झालं? पोटात गोळा नाही आला? तेच तर सांगायचंय ना, नाही आला. मी पुढची अकरा वाक्यं ऐकली, नऊ स्टार दिले, बाटली हलवली, चमकी खाली बसली, घंटा झाली. पिशवी भरली. बाहेर पडले तर बसथांब्यावर लक्षात आलं की उजव्या अंगठ्याला त्या स्टारचं तुटलेलं टोक चिकटलंय. एवढंसं, पिवळं. मी ते पहिल्या बोटावर घेतलं, मग परत अंगठ्यावर, मग दुसऱ्या बोटावर, असं ते कुठेच पडेना, बस आली, मी चढले, दांडा धरला, उतरले, घरी आले, तरी बोट चिकट. आईने चहा दिला. कपाच्या कानालाही चिकटलं. आई म्हणाली, ‘कसा गेला दिवस?’ मी म्हटलं, ‘ठीक.’ आई म्हणाली, ‘तुझं आपलं सदानकदा ठीक. आणि ती बटणची आई कशी आहे गं आता?’ मी म्हटलं, ‘आहे तशीच.’ आणि चहा प्यायले. हे उत्तर मी पाच महिने देत होते. बटणची आई कशी आहे, आहे तशीच. खरं काय ते मला माहीत नव्हतं. ती आहे का, हेच मला माहीत नव्हतं.

बटण म्हणजे माझी मैत्रीण, तुम्ही तिला ओळखत नाही, कारण तुमची ओळख झाली तेव्हा मी तिच्याबद्दल बोलणं बंद केलं होतं. दुसरीत असताना तिने गणवेशाचं बटण गिळलं आणि अख्खा वर्ग दोन दिवस ते कधी बाहेर पडतंय याची वाट बघत होता, तेव्हापासून ती बटण. मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली, तरी बटणच. मागच्या वर्षी तिच्या आईला झटका आला. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं, गिळणंही गेल्यासारखंच. आणि मला नुकतीच ही शाळा मिळाली होती. बटण रोज चार वाजता फोन करायची, मी शाळेच्या फाटकातून बाहेर पडत असायची तेव्हा बरोबर. ती हॅलो वगैरे म्हणायची नाही. ‘आज सूप गेलं.’ मी म्हणायची, ‘किती?’ ‘दोन चमचे.’ मग ती सगळं सांगायची, कुठल्या कुशीवर वळवलं, नर्स कशी उशिरा आली, उशीचा अभ्रा कसा ओला झाला, आणि मी चालत असायची, एका कानाला फोन, खांद्याला पिशवी, बाटलीतली चमकी डचमळतेय, आणि मला काय बोलावं ते कळायचं नाही. मग मी परत ‘किती?’ विचारायची. असं चार महिने. आणि एक दिवस, मी बाकावर बसून, या तासासाठी जो कोर्स केला होता त्याच्या फायलीतलं मी-वाक्यांचं पान वाचत होते, दुपारची वेळ, शिक्षकांच्या खोलीत कोणी नाही, आणि मला वाटलं, अगं, हे मी करू शकते की. तिन्ही खाने भरले. ‘मला गुदमरल्यासारखं होतं, जेव्हा तू रोज फोन करतेस. म्हणून मला थोडी जागा हवीय. नंतर बोलू आपण.’ पाठवलं. किती छान वाटलं सांगू, नवीन पेनाने पहिली ओळ लिहिल्यासारखं. कुठे आरोप नाही, कुठे वाईट शब्द नाही. आणि एका मिनिटात तिचं उत्तर, ‘सांगितल्याबद्दल थँक्यू.’ मी तिथेच बसून दोनदा वाचलं. म्हटलं, बघा, याला म्हणतात मोठं होणं.

त्या फायलीत ना, मी-वाक्याच्या पानावर सगळं छापलेलं आहे, फक्त एक चौकट मोकळी. ‘ऐकणाऱ्याचा प्रतिसाद : मुलांच्या बोलीत तुम्ही ठरवा.’ कोर्सवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या की हे शिक्षकाने आपल्या मनातून भरायचं. मी त्याच दुपारी ती चौकट भरली. बटणचं वाक्य लिहिलं. आणि पुढच्या आठवड्यापासून आठही वर्गांना शिकवलं, आणि मोठ्या भावनांच्या यादीत गुदमरणं घातलं, आणि पोरांनी दोन्ही पाठ केलं. म्हणजे कॅप्टन जे बोलली ते कॅप्टनचं नव्हतंच. ते मी बोलले होते, आणि उत्तरही माझ्याच पिशवीतलं. हे मला कधी कळलं? मंगळवारी नाही. मंगळवारी मी जेवले, टीव्ही बघितला, झोपले. चार वाजता फोन येणं बंद झालं ना, तेव्हा पहिले काही दिवस कसं मोकळं मोकळं वाटलं होतं, मग ते मोकळंपण तसंच राहिलं आणि पसरत गेलं, चारच्या आधी, चारच्या नंतर, जिभेवरसुद्धा, दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला असतो पण आपला वाटत नाही, तसं. मी तासाला हसत होते, मुलांबरोबर उड्या मारत होते, वर्गबाई म्हणायच्या किती उत्साह हो तुम्हाला. आणि खाली हे असं सुन्न. फोन करू असं रोज वाटायचं. पण फोन करायचा तर विचारावं लागणार, काकू कशा आहेत, आणि ‘कशा आहेत’ म्हणावं की काय म्हणावं? हेच माहीत नाही म्हटल्यावर पहिला शब्दच अडायचा. आणि दिवस गेले की पहिला शब्द अजून जड होतो.

मग गुरुवार. शाळेतल्या मावशी, ज्या घंटा देतात आणि वरांडे पुसतात, त्या मला म्हणाल्या, ‘अहो मैत्रीताई, ती तुमची छोटी नळापाशी डबा खाते, उभ्याने. मी म्हटलं बस की बाळा, तर म्हणते, मला दुसरीकडे सांगितलंय. म्हटलं कोणी, तर म्हणते, तासाला ठरलंय.’ आमच्याकडे वरांड्याच्या टोकाला हात धुवायचे नळ आहेत, सहा, पांढऱ्या फरशीचे, एक कायम गळतो. मधल्या सुट्टीत गेले. मुंगी शेवटच्या नळापाशी उभी, दप्तर पाठीवरच, डब्याचं झाकण नळाच्या कठड्यावर, आणि ब्रेडचा तुकडा हातात धरून उभी. खात नव्हती. मुलं येऊन हात धुवायची, पाणी उडायचं, ती थोडी सरकायची. मला बघून तिने घास घेतला. मी म्हटलं, ‘इथे का गं?’ ती म्हणाली, ‘इथे मागे मागे जाता येत नाही. इथे भिंत आहे.’ मग घास गिळून म्हणाली, ‘मैत्रीताई, मी बरोबर करतेय ना?’

माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी म्हटलं, ‘हात पुसून घे, ओले आहेत.’

आणि मी तिथून गेले. हो, गेले. शिक्षकांच्या खोलीत गेले, वर्गबाईंना म्हटलं की तिला बसायला सांगा ना कुठेतरी, तर त्या म्हणाल्या, ‘पण किती छान सोडवलं त्यांनी आपापसात, न रडता, न भांडता. मी तर ते वाक्य चार्टवर लिहून लावलंय. मोठ्या बाईंना इतकं आवडलं! शनिवारी पालक येतायत, त्यांना दाखवायचंय म्हणाल्या.’ मी वर्गात जाऊन बघितलं. निळ्या कार्डशीटवर, स्केचपेनने, तिन्ही खाने तीन रंगांत. फक्त नावं काढली होती. खाली लाल अक्षरात, ‘सांगितल्याबद्दल थँक्यू’, आणि एक हसरा चेहरा. किती वेळ बघत होते कोण जाणे. निळा कागद, तीन रंग, वळणदार अक्षर. आणि तेव्हा, बघा, चार वर्षांची असताना शाळेच्या जिन्यावर मी आणि बटण एकाच मफलरमध्ये गुंडाळून बसायचो ते आठवलं, एक टोक तिच्या मानेला, एक माझ्या, आणि उठायचं तर दोघींनी एकदम उठायचं नाहीतर एकीला फास बसायचा. गुदमरायचंच ते. खरंखुरं. पण कोणीच सोडायचं नाही. आठवलं, पण दुसऱ्याचा फोटो बघावा तसं आठवलं. बोटं मी तळहाताला घासत होते. तो स्टारचा तुकडा कधीच गेला होता, तरी.

शुक्रवारी मी चष्म्याच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, नंबर बघायचाय. त्याने चिठ्ठी देऊन आत पाठवलं. लहानशी अंधारी खोली, एक उंच खुर्ची, समोर अक्षरांची पाटी. बटण पाठमोरी भिंगं पुसत होती. वळली. बारीक झाली होती, केस कापले होते. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या चिठ्ठीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘बस.’ मी बसले. तिने तो लोखंडी, जड चष्मा माझ्या नाकावर चढवला, एका डोळ्यावर काळी चकती घातली. ‘वाच.’ वाचलं. तिने भिंग घातलं. ‘हे बरं, की हे?’ ‘सारखंच.’ ‘नीट बघ. हे… की हे?’ ‘सारखंच दिसतंय गं.’ तिची बोटं माझ्या कानशिलाला लागत होती, थंड. मी म्हटलं, ‘काकू?’ एवढंच. पुढे काही जोडलं नाही, काय जोडणार. तिचा हात थांबलाही नाही. ‘गेली. दीड महिना झाला,’ ती म्हणाली आणि भिंग बदललं. ‘हे बरं, की हे?’

मी म्हटलं, ‘मला… मला खूप वाईट वाटतं, जेव्हा मी विचार करते की…’ ‘हे असं तुकड्यातुकड्यात काय बोलतेस?’ ती म्हणाली. ‘कोणी लिहून दिलंय का?’ नाकावर तो एवढा मोठा चष्मा, एक डोळा बंद, विदूषक दिसत असणार मी. आणि मग का कोण जाणे, तिला बरं वाटेल असं वाटून असेल, मी भडाभडा बोलायला लागले, की तू तेव्हा किती समजूतदारपणे उत्तर दिलंस, माझ्या इतकं लक्षात राहिलं, मी ते मुलांना शिकवते, अगं सगळ्यांना पाठ आहे. ती म्हणाली, ‘काय पाठ आहे?’ ‘सांगितल्याबद्दल थँक्यू.’ ‘हे मी लिहिलं होतं?’ ‘हो! तूच नाही का…’ तिने हातातलं भिंग पेटीत ठेवलं, कपाळावर आठ्या घालून आठवलं, आणि म्हणाली, ‘अगं ते मी नाही लिहिलेलं. फोन खाली तीन उत्तरं देतो ना आपणहून, तयार, त्यातलं आहे ते. आईला ठसका लागला होता, तिचं डोकं माझ्या एका हातात होतं, फोन दुसऱ्या. अंगठा लागला तो लागला.’ मी म्हटलं, ‘बाकीची दोन काय होती?’ हा प्रश्न मी का विचारला? पण विचारला. ती म्हणाली, ‘एक ओके. आणि एक नुसता अंगठा.’ मग म्हणाली, ‘किती पोरांना शिकवलंस?’ ‘आठ वर्ग.’ ‘बापरे,’ ती म्हणाली, आणि हसली, अशी हसली की बाहेरच्या माणसाने पडदा सरकवून बघितलं. मीही हसले असते, पण तोंड तेवढं हललं नाही. ‘आणि नंतर?’ मी विचारलं. ‘नंतर नीट वाचलंस तेव्हा?’ ‘नंतर वाचलं तेव्हा म्हटलं, बरं झालं अंगठा लागला. मी लिहिलं असतं ना, ते तू वाचू शकली नसतीस.’ तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढला. ‘रडू नकोस हं इथे. बाहेर गिऱ्हाईक आहे.’ ‘मी रडत नाहीये.’ ‘तेच बघतेय.’ मग चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात दिलं. नंबर आहे तोच आहे. मी दारात थांबून म्हटलं, ‘चार वाजता फोन करू का?’ ती पेटीत भिंगं लावत होती, आकड्यांप्रमाणे, एकेक. म्हणाली, ‘आता कशाला? आता काय सांगू मी तुला?’

शनिवारी पालक आले, चार्ट बघून गेले, दोघांनी फोटो काढले. मी तिथेच उभी होते. मोठ्या बाई म्हणाल्या, ‘ह्या आमच्या मैत्रीताई,’ मी नमस्कार केला. रविवार गेला. सोमवारी पहिलीचे दोन्ही वर्ग, त्यांना मी नुसतं चित्र काढायला दिलं. आणि मंगळवारी तिसरी ब. चिमटे लावून झाले, गोल झाला, आणि मी खुर्ची ओढून तिच्यावर चढले आणि चार्ट काढला. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा थोडा रंगही आला. मी म्हटलं, ‘ऐका. मागच्या मंगळवारी मी एक स्टार दिला, तो द्यायला नको होता. मी चुकले.’ कॅप्टनने हात वर केला, नियमाप्रमाणे. ‘ताई, पण तिन्ही खाने भरले होते.’ ‘हो, भरले होते.’ ‘आवाज पण हळू होता.’ ‘हो.’ ‘डोळ्यांत पण बघितलं.’ ‘हो.’ ‘मग?’ आणि मला त्या ‘मग’च्या पुढचं काही येत नव्हतं. फायलीत नव्हतं. ती काही दुष्ट नव्हती हो, तुम्ही बघायला हवं होतं तिच्याकडे, खरंच विचारत होती, गणित बरोबर असून चूक मिळाल्यावर विचारतात तसं. मनगटावर स्टारची नुसती मळकी खूण होती. मी म्हटलं, ‘खाने भरूनही चुकतं. मला माहीत नव्हतं. आणि ते थँक्यू आहे ना, ते आता कोणी म्हणायचं नाही. ते कोणाचंच नाहीये.’ एक जण म्हणाला, ‘मग काय म्हणायचं?’ मी म्हटलं, ‘जे येईल ते.’

मुंगी उठली. आजही उठली. दप्तर पाठीवरच होतं. आणि तुम्हाला सांगते, एवढ्याशा जिवातून तो आवाज कुठून आला देव जाणे. ‘मला नाही उभ्याने डबा खायचा! माझ्या अंगावर नळाचं पाणी उडतं! तू घाणेरडी आहेस!’ हे कॅप्टनला. मग माझ्याकडे वळली, बरोबर डोळ्यांत बघितलं, ते मी शिकवलेलं होतं, आणि म्हणाली, ‘आणि ताई, तुम्ही पण.’ कॅप्टनने भोकाड पसरलं. तिच्या बाजूची पण रडायला लागली, कारण नसताना. कोणाचा तरी पाय लागून बाटली आडवी झाली आणि गडगडत बाकाखाली गेली, आणि माझा हात, माझा हा मूर्ख हात, खांद्याला अडकवलेल्या पिशवीत स्टारच्या पट्टीवर गेला होता. मी तो तिथेच धरून ठेवला. माझे कान गरम झाले. बस, कानच. पण पाच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी गरम झालं. दार उघडून वर्गबाई आल्या, एवढा गोंधळ, एक मुलगी उभी राहून थरथरतेय, दोघी रडतायत, भिंतीचा रंग निघालाय, मी खुर्चीवर चार्ट घेऊन उभी. ‘काय चाललंय काय इथे?’ मी म्हटलं, ‘मैत्रीचा तास.’

मोठ्या बाईंनी माझ्याकडे लेखी मागितलंय, काय झालं आणि का झालं. ते अजून दिलेलं नाही, तीन ओळी लिहिते आणि खोडते. कॅप्टन आणि मुंगी बोलत नाहीत. मैत्री वगैरे काही झाली नाही, उगीच विचारू नका. मुंगी माझ्याशीही बोलत नाही, तासाला चिमटा लावते, चिडक्या चेहऱ्याला, आणि माझ्याकडे बघत पण नाही. पण दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मधल्या सुट्टीत मी वरांड्यातून गेले तर नळापाशी कोणी नव्हतं. मावशी घंटेखालच्या पायरीवर बसून त्यांचा डबा खात होत्या, आणि त्यांच्या शेजारी मुंगी. बसलेली. दप्तर काढून बाजूला ठेवलेलं, डबा मांडीवर. मावशी कुणाशी तरी भांडण झालेलं तिला सांगत होत्या आणि ती चावत चावत ऐकत होती. मी थांबले नाही, सरळ पुढे गेले. पण डब्यात डोकावून घेतलं, जाता जाता.

त्याच दिवशी चार वाजता फाटकाबाहेर आले. पिशवी खांद्याला, गाड्या जातायत, समोरचा दुकानदार पाणी मारून पुढचा रस्ता झाडतोय. फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला, म्हटलं आता बंद होईल, तर तिने उचलला. हॅलो म्हणाली नाही. मागे दुकानातला आवाज, कोणीतरी चौकटींचे भाव विचारत होतं. मला सगळं सांगायचं होतं, चार्ट, खुर्ची, कान, आणि काकूंबद्दल विचारायचं होतं, शेवटी कशा होत्या, कोण होतं जवळ. त्यातलं एकही वाक्य सुरू होईना. मी म्हटलं, ‘आज एका मुलीने बसून डबा खाल्ला.’

पलीकडे एक भिंग पेटीत ठेवल्याचा आवाज आला.

‘किती?’ ती म्हणाली.

‘अर्धा.’